चंद्रलोकची उरलेली कार्डं

गुरुवार, ६ नोव्हेंबर
(गेटचं चित्र)

आणि फोन उचलायचा नव्हता तर नसता उचललास, पण ब्लॉक कशाला केलंस? मी काय बँकेची वसुलीवाली आहे? दिव्याच्या फोनवरून लावला तर तोही ब्लॉक. माझ्या लेकीनं तुझं काय घोडं मारलंय? तू घर सोडलंस तेव्हा ती जन्मलीसुद्धा नव्हती. म्हणून आता हे लिहायला बसले. पत्राला ब्लॉक करता येत नाही. फाडता येतं. फाड, पण वाचून फाड.

योगिनी, मी दुर्गा, तुझी वहिनी. अक्षरावरून ओळखणार नाहीस, तू होतीस तेव्हा मी किराण्याच्या चिठ्ठीपलीकडं कधी काही लिहिलं नव्हतं. सातवीत शाळा सुटली ती सुटली. चुका काढत बसू नकोस.

कागद सोडून ही चित्राची कार्डं का, तर वही आणायला खाली दुकानात जावं लागतं आणि मला खाली जाता येत नाही. दिवाळीत माळा साफ करताना दिव्यानं हा खोका खाली काढला. चंद्रलोकची कार्डं, तिकिटाच्या खिडकीत विकायला ठेवायचे ती. पार्क पाडलं तेव्हा मामंजींनी खोका घरी आणला होता, बंब पेटवायला होतील म्हणून. बंब गेला, मामंजी गेले, कार्डं राहिली. एका कार्डावर माझ्या अक्षराच्या चारच ओळी मावतात, म्हणून एकाच चित्राची गड्डी घेऊन लिहितेय. कोपऱ्यात नंबर टाकलेत, त्या क्रमानं वाच.

चित्र बघ. गेटवर ते दोन सिमेंटचे चंद्र, एक हसतोय, एक डोळा मारतोय. खाली ही गर्दी. तूच मला सांगितलं होतंस, आपण अंगणात गहू निवडत होतो तेव्हा, की ही गर्दी खोटी आहे. पार्क उघडायच्या आधी चिंचवडचा तो फोटोवाला ज्योतीराम आला, गिऱ्हाईक तर एक नाही, मग त्यानं आपली सगळी आळी उभी केली. पार्कच्या शेटनं शहरातून कपडे आणवले. कुणाच्या अंगात दुसऱ्याचा कोट, कुणाच्या पायात दुसऱ्याची चप्पल. धोंडीबा गुरव डोळ्यावर गॉगल लावून उभाय, त्याला समोरचं काही दिसत नव्हतं म्हणे.

आता त्या जागेवर काय आहे, तर आम्ही. मोठी बिल्डिंग झाली, नाव चंद्रलोक रेसिडेन्सी. जमीन मूळची आपली म्हणून सहाव्या मजल्यावर फ्लॅट मिळाला. खालच्या मजल्यावरची एक बाई परवा म्हणाली, "नाव किती युनिक आहे ना, बिल्डरला सुचलं कसं?" मी म्हटलं, त्याला स्वप्न पडलं.

मुद्द्याचं सांगते. आत्याबाईंचं, तुझ्या आईचं, डोकं चालत नाही. तुझा दादा म्हणतो वय झालं. डॉक्टर मोठा शब्द सांगतात. मला ते दोन्ही नको, मला एवढंच कळतं की ही बाई दिवसभर माझ्या ताब्यात आहे आणि मी तिच्या. आणि माझी पिशवी काढायची आहे. गाठ आहे. महिनोन् महिने अंगावरून जातंय, जिना चढले तर डोळ्यापुढं अंधार येतो. डॉक्टरीणबाईंनी एक डिसेंबरला भरती व्हायला सांगितलंय. त्यानंतर दीड महिना काही उचलायचं नाही. आत्याबाईंना उचलल्याशिवाय माझा एक दिवस जात नाही.

तू ये. दीड महिना. देहूरोड काही सातासमुद्रापार नाही. आई तुझी आहे.

हे पाकीट समोरची वर्षाली टपालात टाकेल. ती कामावर जाते, तिला घराबाहेर पडता येतं.

सोमवार, १० नोव्हेंबर
(छुकछुक गाडीचं चित्र)

उत्तर नाही. वर्षालीनं पेटीत टाकताना फोटो काढून आणलाय, तेव्हा पोचलं नाही असं म्हणू नकोस.

या चित्रात तू आहेस. पहिल्या डब्यात, लाल रिबीन, शेटच्या मुलीचा झालरीचा फ्रॉक. तोंड फुगलेलं, कारण फ्रॉक पाठीत टोचत होता आणि ज्योतीराम ओरडत होता, "बेबी, स्माईल!" तुला बेबी म्हणजे कोण तेच कळेना. हेही तुझंच सांगणं. मागं साखळी धरून उभी आहे ती तुझी आई. कपाळावर पदर, गळ्यात शिट्टी. आपली जमीन घेतल्यावर शेटनं मामंजींना वॉचमन ठेवलं आणि तिला या गाडीच्या फाटकावर. तिकीट फाडायचं, अर्धं गिऱ्हाइकाला, अर्धं तारेला टोचायचं. गाडी फिरून आली, थांबली, की शिट्टी वाजवायची, साखळी काढायची, मगच पोरं उतरायची. माझं लग्न होऊन मी आले तेव्हाही ती तिथंच होती. पार्क बंद पडेपर्यंत होती.

आता ती परत तिथंच गेलीय. फक्त फाटक म्हणजे आमच्या फ्लॅटचं दार.

घरात जो येईल त्याला तिकीट मागते. मागल्या आठवड्यात गॅसवाला आला.

"तिकीट?"

तो बिचारा हसला. म्हणाला, "आजी, माझ्याकडं तर पावती आहे." तिनं पावती घेतली, फाडली, अर्धी त्याच्या हातात दिली. मग सिलेंडरकडं बोट.

"ह्याचं?"

"आजी, सिलेंडरला पण तिकीट?"

"लहान लेकराला अर्धं आसतं. ह्यो काय लहान हाय व्हय?"

हसायला येतं, मला पण आलं. मग तिनं लाईटचं बिल फाडलं, दिव्याचं कॉलेजचं हॉलतिकीट फाडलं, तेव्हा हसू गेलं. आता घरातला सगळा कागद मी पिठाच्या डब्यात ठेवते.

तिकिटाचं मी सोसलं असतं. पण ती बाहेर सोडत नाही. सकाळी उठली की दिव्याची ओढणी घेते, दाराच्या कडीपासून चपलांच्या रॅकपर्यंत बांधते, आणि पुढं उभी. "गाडी चालू हाय. चालत्या गाडीतनं उतरायचं न्हाई, पाय जाईल." दिव्या आणि तुझा दादा ती उठायच्या आत निघून जातात. मी राहते. तिला ढकलून जाता येईल, ती आता चिपाडासारखी झालीय. एकदा गेले होते. त्या दिवशी ती पडली, हाताला प्लॅस्टर घालावं लागलं. कशी पडली ते राहू दे. तेव्हापासून मी जात नाही.

मी विचारलं, "आत्याबाई, थांबायची कधी गाडी?"

"पोरगी उतरली की."

"कोण पोरगी?"

तर हेच कार्ड पुढं केलं. अंगठ्याखाली तू. कार्ड उशाखाली घेऊन झोपते, जेवताना ताटाजवळ ठेवते. तुझ्या तोंडाजवळचा रंग उडालाय, तिथं आमटी लागलीय.

मी एकदा समोर उभी राहून म्हटलं, "आई, मी उतरले बघ." तिनं मला वरपासून खालपर्यंत बघितलं. म्हणाली, "तू दुर्गा. तुला भाकऱ्या टाकायच्या हायेत." दिव्याला उभं केलं, लोक म्हणतात ती तुझ्यावर गेलीय. तिला म्हणाली, "तुजी आई कुटं हाय? भाकऱ्या टाकल्या का न्हाई?" म्हणजे सगळं विसरली, भाकऱ्या तेवढ्या लक्षात आहेत.

दादा म्हणतो, बाई ठेवू. ठेवली होती. दोन ठेवल्या, दोन्ही पळाल्या. आळंदीच्या बाजूला एक आश्रम आहे, तिथं ठेवली, तर आठवडा व्हायच्या आत त्यांचा फोन, घेऊन जा. कारण एकच. ती आंघोळ करत नाही. पाणी बघितलं की किंचाळते, बोचकारते, चावते. तिथल्या मुलीच्या दंडावर दात उमटले. मी ती झोपली की ओल्या फडक्यानं पुसते, तेवढंच. केसांचं तर विचारू नकोस. लिफ्टमध्ये कुणी बोलत नाही, पण आमच्या दारावरून जाताना बायका नाकाला पदर लावतात. पदर कुणी घेत नाही म्हणा आता, ओढणी लावतात.

ही सगळी परिस्थिती आहे. लपवलं काही नाही. आता तरी लिही.

शुक्रवार, १४ नोव्हेंबर
(आकाशपाळण्याचं चित्र)

आला तुझा निरोप. तोही स्वतः नाही, लेकीच्या फोनवरून. मिनलनं दिव्याला लिहिलंय: "आई म्हणते, माझ्या नावाने त्या घरात आंघोळ झाली आहे. मेलेलं माणूस सेवेला येत नसतं."

दिव्यानं मला विचारलं, आंघोळ झाली म्हणजे काय गं? तिला माहीत नाही. कुणी सांगितलंच नाही तिला. मी सांगितलं, की घरातलं माणूस मेलं की आपण आंघोळ करतो, तशी जितं माणूस नकोसं झालं की त्याच्या नावानं करतात. म्हणजे तो आपल्याला मेला. ती म्हणाली, "आणि तुम्ही केली?" मी म्हटलं, पोळी करपतेय.

मेलेलं माणूस म्हणे. मेलेल्या माणसानं बारा महिने तेरा काळ मोकळ्या हवेत संसार केला, दोन पोरं वाढवली, नोकरी केली. मिनलनं टाकलेले फोटो दिव्या मला दाखवते. तू त्यात हसतेस. पंजाबी ड्रेस घालून कुठल्या तरी किल्ल्यावर उभी आहेस. मी गेल्या पाच वर्षांत आळंदीला गेले नाही, दारातून दिसते ती आळंदी.

आता पाळण्याचं बोलू, जुनं काढलंस म्हणून.

हे चित्र काढलं त्या दिवशी पाळण्याला करंट जोडलेला नव्हता. हातानं थोडा फिरवायचा, फोटो काढायचा, परत फिरवायचा. आऱ्यांना लोंबकळून तो कसा फिरवायचा त्याची युक्ती होती, आणि पुढं ती एकालाच यायची. बुद्धभूषणला. लाईट गेली की तो फिरवून माणसं उतरवायचा, एक एक पाळणा खाली आणून. पोरासोरांना तो पाळण्यापेक्षा जास्त आवडायचा.

तो दिवस गुरुवारचा. कंपन्यांची सुट्टी गुरुवारी, त्यामुळं चंद्रलोकचा रविवार म्हणजे गुरुवार. भोसरीपासून सगळ्या चाळी आलेल्या. बुद्धभूषणनं त्या दिवशी रजा टाकली होती आणि इस्त्रीचा शर्ट घालून तिकीट काढून गिऱ्हाईक म्हणून आला होता, आणि तू त्याच्या शेजारी बसलीस. लाईट जायची वेळ त्याला पाठ होती. तरी बसला. हुशार माणसं कशी चुकतात बघ, त्याला वाटलं आपण रजेवर म्हणजे लाईट जाणंपण रजेवर. गेली. तुमचा पाळणा बरोबर टोकाला. आणि हातानं फिरवायची युक्ती येणारा माणूस वर.

तो वरून ओरडून सांगत होता, डावा आरा धरा, दोघं लोंबकळा. दोन पोरं पुढं झालीसुद्धा. तुझ्या उद्धवकाकांनी त्यांना हटकलं. "राहू द्या वर. गावाला बघू द्या." सगळी आळी बघत राहिली, कंपनीवाले बघत राहिले. कोण कुणाचा, कुठल्या वस्तीतला, कुठल्या जातीचा, हे लाईट यायच्या आत शेवटच्या माणसापर्यंत पोचलं. मी खाली होते, कडेवर घरच्या दुधाची चरवी घेऊन आले होते चहाला. तुझा हात त्याच्या हातात होता तो तू सोडवून घेतला नाहीस. सगळ्यांना दिसत असून. मला तेव्हा तुझा राग आला. का आला ते आता सांगता येत नाही.

त्या महिन्यातच तू त्याच्याबरोबर गेलीस. उद्धवकाका ओसरीवर बसले. म्हणाले, "वहिनी, पोरगी मेली. उठा, आंघोळ करा, नाहीतर भावकी तुमच्या दारात पाणी प्यायची नाही." मामंजी खाली मान घालून. तुझा दादा खाली मान घालून. बंब मला पेटवायला सांगितला. लग्न होऊन किती दिवस झाले होते मला, सुनेला कोण विचारतं? पाणी काढून दिलं. आत्याबाई मोरीत गेली. दार नव्हतं, पडदा होता. तिनं तांब्या डोक्यावर ओतला तो मी बघितला. रडली नाही. ओल्या लुगड्यानं बाहेर आली आणि मला म्हणाली, चूल पेटव.

तर आंघोळ झाली. खोटं नाही. तुझं म्हणणं बरोबर आहे, आणि माझी पिशवी पण बरोबर आहे. दोन्ही बरोबर असली की काय करायचं, ते तू शिकलेली आहेस, तू सांग.

आळंदीच्या यात्रेनं रस्ते बंद आहेत, हे पाकीट उशिरा पोचेल. तू घाई करशील अशातला भाग नाही.

बुधवार, १९ नोव्हेंबर
(आरसेमहालाचं चित्र)

ही कार्डं कमी आहेत, त्यामुळं अक्षर बारीक काढतेय. चित्रात आपल्या आळीतल्या बायका वाकड्या आरशासमोर उभ्या आहेत, एक उंचच्या उंच, एक नुसती रुंद. बघायला वेळ नाही. काल जे झालं ते लिहायचंय.

काल मी ठरवलं, आज आंघोळ घालायचीच. भरती व्हायच्या आधी एकदा तरी अंग स्वच्छ करून तिला कुणाच्या तरी हवाली करायचं. वर्षालीला सुट्टी होती, तिला बोलावलं. बादली भरली, ऊन पाणी, शिकेकाई. दोघींनी बगलेत धरून बाथरूमच्या दारापर्यंत आणली. तिथं तिनं चौकट पकडली. त्या चिपाडाच्या अंगात कुठून बळ आलं देव जाणे. वर्षाली म्हणाली, "आजी, थोडंसंच पाणी, गरम आहे." मी तांब्या भरला. खरं सांगते, माझा जीव मेटाकुटीला आला होता, मी तो तिच्या अंगावर फेकणारच होते.

तिनं माझा हात धरला. चावली नाही. बोलली.

"दुर्गे, पानी टाकू नगंस. पोरगी मरंल."

मी म्हटलं, "कोण मरतंय? कुणी मरत नाही आंघोळीनं."

"योगिनी मरंल. भावजी भाईर बसल्यात. म्हनत्यात, आंगूळ कर. आंगूळ केली की पोरगी मेली. मी न्हाई करायची."

"उद्धवकाका कधीच गेले, आत्याबाई."

"भाईर बसल्यात. त्यास्नी म्हनावं, आज न्हाई. उंद्या या. पोरगी गाडीत हाय आजून, तिला उतरू द्या." मग माझ्या कानाशी येऊन, "तू पानी वत मोरीत. वाजू दे तेवढं. त्यास्नी वाटंल केली."

मी ओतलं. बादली सगळी मोरीत ओतली, तांब्यातांब्यानं. ती कान देऊन ऐकत होती. संपल्यावर म्हणाली, "झालं. जा, चूल पेटव." वर्षाली तिथंच फरशीवर बसून रडायला लागली. मला रडू आलं नाही, मला पाय सोडून बसावं वाटलं, तर बसले, ओल्यात.

कळलं का तुला? त्या दिवशी तिला नाही म्हणायला जमलं नाही. आता रोज म्हणते. दात-नखं काढून म्हणते. आश्रमातल्या त्या पोरीला चावली ती तुझ्यासाठी चावली. आम्ही सगळे म्हणत होतो म्हातारी घाणेरडी झाली.

तुझा दादा चारला आला, फर्स्ट शिफ्ट करून. मी त्याला दारातच सगळं सांगितलं. त्यानं डबा ओट्यावर ठेवला. म्हणाला, "तिच्या डोक्याचं काय खरं धरतेस."

मी म्हटलं, "योगिनीला फोन लावा. तुमचा लागेल, तुमचा नंबर तिच्याकडं नसेल."

"मी काय तोंडानं लावू?"

"आहे त्याच तोंडानं."

गॅलरीत जाऊन उभा राहिला. खाली बघत होता, मुलं खेळतात तिथं. परत आला, म्हणाला, "उद्यापण फर्स्टच आहे, लवकर झोपतो." पोटावर हात ठेवून पडला होता, डोळे उघडे. तोही कुठं सुटलाय? चाकणच्या त्या कंपनीत प्रेसच्या मशीनवर काम करून करून त्याला एका कानानं ऐकू येत नाही. पण त्याला बस न्यायला येते, आणि बस आली की तो जातो. मी त्याला तेवढंही माफ करत नाही.

हे वाचून तुला काय वाटेल ते वाटू दे, ते मला लिहून पाठवू नकोस. फक्त येतेस का ते पाठव.

सोमवार, २४ नोव्हेंबर
(होड्यांच्या तळ्याचं चित्र)

मिनलनं दिव्याला विचारलं, आजी अजून ते कार्ड घेऊन झोपते का? म्हणजे तू वाचतेस. वाचून लेकीला सांगतेस. पण उत्तर नाही.

मग आता सरळ बोलते, शेवटचं.

आज डॉक्टरीणबाईंकडं गेले होते. दादानं रजा टाकली, तो आत्याबाईजवळ बसला, मी ती उठायच्या आत निघाले. मी पुढं ढकलायचं म्हणाले तर बाई चष्मा काढून म्हणाल्या, "रक्त इतकं कमी झालंय की आता ढकलायला माझ्याकडं जागा नाही." रिक्षातून येताना मी रिक्षावाल्याला थोडं पुढं घ्यायला सांगितलं आणि इंद्रायणीच्या पुलावर उतरून नुसती उभी राहिले. काही काम नव्हतं. नदीला फेस आला होता, कंपन्यांचा. तरी बरं वाटलं. मला कुठं काश्मीरला जायचं नाही योगिनी, मला नुसतं खाली उतरून एका बाकावर बसायचंय, कुणी गाडी चालू आहे असं न सांगता.

घरी आले तर ओढणी बांधलेली, तुझा दादा आत, आई दारात. दादा म्हणाला, "सकाळपासून मला संडासला पण जाऊ दिलं नाही." पहिल्यांदा एक दिवस राहिला आणि तोंड बघायचं होतं त्याचं.

अटी सांगते. दीड महिना नको असेल तर पंधरा दिवस ये. पंधरा दिवस नको तर एक दिवस. बुद्धभूषणना घेऊन ये. ते हॉलमध्ये बसतील, आमच्या ताटात जेवतील, आणि भावकीतलं कुणी तोंड उघडलं तर मी बघून घेईन, आता मला त्यांची भीती उरली नाही, ती ठेवायला ताकद लागते. किंवा इथं पाय ठेवायचा नसेल तर तिला देहूरोडला ने. दादा गाडी करून आणून सोडेल, दाराबाहेर थांबेल, बोलणार नाही. आंघोळीचा तांब्या तू धर. तू समोर उभी असलीस, हातपाय हलवत, तर पाणी पडून तू मरत नाहीस हे तिला दिसेल. ओळखेल का? मी खोटं बोलणार नाही, खात्री नाही. तिच्या डोळ्यापुढं फ्रॉकमधली आहे, तुझे केस पांढरे झालेत. कदाचित तुलाही तिकीट मागेल. पण ती आणखी कुणाच्या हातानं पाणी घेणार नाही हे मी करून बघितलंय.

तुझ्यावर अन्याय झाला. मी नाही म्हणत नाही. तू नाही आलीस तर तुला कुणी बोल लावू शकत नाही. मी लावीन, पण तो माझा स्वभाव आहे.

आता दुसरी बाजू ऐक. तू नाही आलीस तर सोमवारी मी भरती होणार, आणि एक नवी बाई ठेवलीय, रुपाली नाव, राजगुरुनगरची आहे, चांगली आहे, गरज असलेली आहे. पण तीपण दोन दिवसात पळेल, आंघोळीवरून. तिला टिकवायची तर एकच वाट मला सुचलीय. तिनं सकाळी उठून म्हातारीला सांगायचं, योगिनी गेली. देहूरोडहून निरोप आलाय, गेली. मग ओढायला लागणार नाही, धरायला लागणार नाही. बातमी आल्यावर बाईमाणूस काय करतं हे तिच्या हाडात आहे. ती आपण होऊन उठेल, ओढणी सोडेल, जाऊन डोक्यावर पाणी घेईल. दुसऱ्या दिवशी विसरलेली असेल. दुसऱ्या दिवशी परत सांगायचं. रोज सकाळी तुला मारायचं आणि रोज तिला न्हाऊ घालायचं, मी घरी येईपर्यंत. मग मी आल्यावर ते मी करायचं.

वर्षालीला सांगितलं तर ती म्हणाली, "ताई, असं नका करू." मी विचारलं, मग कसं करू?

मी दगड नाही. पण मला आता दुसरं दार दिसत नाही, आणि जे दिसतंय ते तुझ्या हातात आहे. रुपालीला रविवारी सकाळी बोलावलंय, काय काय करायचं ते समजावून द्यायला. त्याच्या आदल्या दिवशी, शनिवारी, २९ तारखेला, संध्याकाळी दिवे लागायच्या आत मला तुझं उत्तर पाहिजे. दिव्याच्या फोनवर टाक, मिनलकडून नको, तुझ्या स्वतःच्या हातानं. येते, किंवा येत नाही. "बघू" लिहिलंस तर मी ते नाही असंच धरीन.

दुर्गा